धावड्याचा दांडा

बसा, असे सावलीला बसा. ऊन उतरल्याशिवाय तुम्हाला झरीची वाट धरता यायची नाही. तोवर एक ऐका.

मी सटवाजी सुतार. आता हात थरथरतो, पण उमेदीत होतो तेव्हा आसपासच्या सगळ्या गावांतल्या जुन्या कुऱ्हाडी माझ्या दारात यायच्या. नवी कुऱ्हाड घडवणं लोहाराचं काम. मोडकी, गंजलेली पुन्हा कामाला उभी करणं माझं. विटेच्या तुकड्यानं गंज घासायचा, कानस फिरवायची, दगडावर धार काढायची आणि मग नवा दांडा. दांडा तासण्याआधी मी एकच विचारत असे, चालवणार कोण? त्याचा हात माझ्या हातात घेऊन बघायचा आणि त्या हाताचा दांडा करायचा. वडिलांनी शिकवलेलं होतं. दांडा हाताला मिळाला की कुऱ्हाड त्या माणसाची होते, दुसऱ्याला ती नीट चालत नाही, असं ते म्हणायचे. मी ते कामापुरतं खरं धरलं होतं.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या आणि लोकांनी बाभळीच्या बनातली जुनी बारव उपसायला घेतली. चिरेबंदी, पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरत जाणारी. तिचा गाळ कुणाच्या आठवणीत कुणी काढला नव्हता. फुटक्या घागरी निघाल्या, बैलाच्या गळ्यातल्या घंटा निघाल्या, गंजलेली लोखंडं निघाली. लिंबाजीनं कामाची लोखंडं पोत्यात भरली आणि माझ्या अंगणात आणून ओतली.

लिंबाजी हा व्यंकटीचा धाकटा भाऊ. आणि व्यंकटी माझा जोडीदार, लहानपणापासूनचा. पोलीस ॲक्शनच्या आधी जी धामधूम चालली होती, तेव्हा अर्धं गाव घरदार टाकून सरहद्दीपलीकडं गेलं होतं. राहिलेल्यांत व्यंकटी होता. एका दुपारी तो खांद्यावर कुऱ्हाड टाकून सरपणाला बनात गेला आणि परत आला नाही. कुणी म्हणायचं पळाला, कुणी म्हणायचं मारला. प्रेत सापडलं नाही. गेलेले लोक परतले, राज्य बदललं, देवळात शाळा भरायला लागली, पण व्यंकटीचं काही कळलं नाही. त्याची बायको कडूबाई रोज कपाळाला कुंकू लावत राहिली. आणि त्याची आई बायनाबाई मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेले तरी ओसरीवर दाराकडं तोंड करून पडून राहिली.

पोत्यातून पडलेल्या लोखंडांत कुऱ्हाडीचं एक पातं होतं. गाळानं काळं झालेलं. मी ते उचललं आणि नुसता अंगठा फिरवला. वरच्या कोपऱ्याचा कपचा उडालेला. चिंचेच्या गाठीवर तो उडाला तेव्हा मी व्यंकटीच्या समोर उभा होतो, आणि आम्ही दोघं हसलो होतो.

"लिंबाजी," मी म्हणालो, "ही व्यंकटीची हाय."

तो उकिडवा बसला. पातं हातात घेऊन उलटसुलट करत राहिला.

"आमी पार तळ गाठला, दादा," तो शेवटी म्हणाला. "एक हाडूक सापडलं न्हाई. कुऱ्हाड हाय, मानूस न्हाई. आता काय समजायचं?"

त्यानं पातं खाली ठेवलं.

"आई जीव सोडंना. यंकटी आला का, यंकटी आला का, येवडंच इचारती. मी म्हनतो, पळसाच्या पानाचा पुतळा करून जाळतेत तसं जाळावं, दिवस घालावेत, म्हातारीला मोकळं करावं. पर वहिनी आयकंना. कुंकू पुसनार न्हाई म्हनती." त्यानं दस्तीनं तोंड पुसलं. "मी काय वाईट करायलोय का, सांगा."

तो वाईट करत नव्हता. तीही करत नव्हती. एकाला दार लावायचं होतं आणि एकीला ते उघडं ठेवायचं होतं, घर एकच होतं.

कडूबाई त्याच दिवशी माझ्याकडं आली. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. रडली नाही. पातं पदरात घेतलं, पुसलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"भावजी, दांडा बसवून द्या."

"कुणाच्या हाताचा तासू, वहिनी? तुमी चालवनार का?"

"त्यांच्या हाताचा."

तिनं माझ्याकडं बघितलं. "त्यांचं कुऱ्हाडीवर किती ध्यान होतं, तुमाला मालूम हाय. दुसऱ्याच्या घरी राहू दिली नसती त्यांनी. जिते असले तरी तिच्यासाठी येतील... नसले तरी येतील."

जिंतूरच्या डोंगरातून आणलेला धावड्याचा एक सोट माझ्याकडं वाळत पडला होता. चिवट लाकूड, वर्षानुवर्षं झिजत नाही. तो काढला. व्यंकटीचा हात मला आठवायची गरज नव्हती. तळवा रुंद, बोटं आखूड, अंगठा तर इतका आखूड की लहानपणी आम्ही त्याला चिडवायचो. त्या हाताला बेतून दांडा बारीक केला, काचेनं खरवडला, तेल पाजलं. पात्यात जुन्या दांड्याचा कुजका बुंधा अडकला होता तो ठोकून काढला. दांडा घालायच्या भोकाला आम्ही नेढं म्हणतो. त्या नेढ्यातून बुंध्याबरोबर गाळ निघाला, आणि त्याला वास होता. खोल पाण्याचा, गार, बंद जागेचा. भर वैशाखात अंगणात तो वास कितीतरी वेळ रेंगाळत राहिला.

दांडा नेढ्यात नुसता घालून बघितला. मिळाला, पण ढिला होता. वरून पाचर मारायची होती. कुऱ्हाड तशीच खांबाला टेकवली आणि पाचरीसाठी लाकडाचा तुकडा शोधायला आत गेलो. पाचर तासत होतो तेव्हा बाहेर आवाज आला.

ठक... ठक... ठक.

कुऱ्हाड चालवणारा माणूस कामाला लागण्याआधी दांड्याचं टोक दगडावर आपटतो, म्हणजे पातं घट्ट बसतं. तो आवाज. लाकूडतोड्यांच्या गावात कान त्याला सरावलेले असतात, मीही दचकलो नाही. कुणीतरी गिऱ्हाईक आलं असेल, असं वाटलं. बाहेर आलो. अंगणात कुणी नव्हतं. कुऱ्हाड मी टेकवली होती त्या खांबापाशी नव्हती, पायरीच्या दगडाला टेकून उभी होती. मी उचलली आणि पातं हलवून पाहिलं. हलेना. दोन्ही पायांत दांडा धरून ओढलं. दगडात दगड रुतावा तसं बसलं होतं.

पाचर अजून माझ्या हातात होती.

मी ती कुऱ्हाड तशीच कडूबाईला दिली. काय घडलं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आनंदानं रडली असती, आणि मला तिचा तो आनंद नको वाटत होता. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मग गावात एक नवीच चर्चा सुरू झाली. कडूबाई रोज दुपारी, सगळे सावलीला पडलेले असताना, बनात जायची आणि उन्हं कलली की सरपणाच्या मोळ्या रचून ठेवायची. ओंडके असे, की दोन गड्यांनी दिवसभर घाम गाळावा. बायका म्हणायच्या, हिच्या अंगात कुठून बळ आलं? ती कुणाला उत्तर देत नसे. मात्र चेहरा उजळला होता. नवी चोळी शिवली, केसांना तेल लावायला लागली. शिदोरीला दोन माणसांच्या भाकरी बांधते, असं तिची सासूच लिंबाजीला सांगायची. भाकरी थापल्याचा आवाज म्हातारी मोजत असावी.

मला वखराच्या दिंडाला, म्हणजे त्याच्या आडव्या लाकडाला, बाभूळ हवी होती, म्हणून एका दुपारी बनात गेलो. खरं सांगायचं तर बाभूळ दुसरीकडंही मिळाली असती.

वैशाखातली दुपार तुम्हाला माहीत आहे. पाखरू बोलत नाही. सावली झाडाच्या बुंध्याशी येऊन बसते. दुरूनच कुऱ्हाडीचा आवाज ऐकू येत होता, सावकाश, एका लयीत. घाव, मग श्वास घेण्याइतका वेळ, मग घाव. पुढं गेलो तर कडूबाई दिसली. बारवेच्या काठावर, एका बाभळीच्या सावलीत, पाय पसरून बसली होती. फडक्यावर भाकर, ठेचा आणि कांदा. तिच्या समोर दुसरं फडकं, त्यावरही भाकर. हात रिकामे होते.

आणि तिच्या पाठीमागं, झाडांच्या आड, कुऱ्हाड चालूच होती.

"वहिनी," मी म्हणालो, "कोण तोडायलंय?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. हसली. "हळू बोला, भावजी... त्यान्ला काम करू द्या."

मी आवाजाच्या दिशेनं गेलो. व्यंकटी असता तर मला हवाच होता. मी हाकही मारली, "यंकटी!" आवाज थांबला. झाडांच्या मागं आलो तर मोकळी जागा होती. मधोमध अर्धी तोडलेली जाड बाभूळ, खाली ओले ढलपे, आणि बुंध्यात खोल रुतलेली कुऱ्हाड. दांडा अजून थरथरत होता. मी तो धरला.

भर उन्हात दांडा गार होता. आणि ओला. घामानं ओला व्हावा तसा, फक्त त्या घामाला बारवेच्या गाळाचा वास होता.

मी हात सोडला आणि कडूबाईला वळसा घालून परस्पर गावात आलो. दिंडाचं लाकूड राहून गेलं. घरी कुणाला बोललो नाही. रात्री पडल्यापडल्या विचार करत राहिलो. पाच वर्षं जिनं वाट पाहिली, तिला सावलीत बसून भाकर खायला सोबत मिळाली असेल, तर मी कोण मध्ये येणार? मेलेल्या माणसाला प्रेमानं बोलावणं पाप आहे का? मला नाही वाटलं. पण तो हात मी पुन्हापुन्हा धोतराला पुसत होतो.

पाऊस सुरू होऊन पेरण्या उरकल्या. आषाढात बायनाबाईनं अन्न सोडलं. लिंबाजीनं मला बोलावून घेतलं. ओसरीवर म्हातारी अगदी चिपाड होऊन पडली होती. कडूबाई उशाशी बसली होती. मी आल्याचं कळलं तसं म्हातारीनं विचारलं,

"सटवा, यंकटीची कुऱ्हाड सापडली म्हनं?"

"व्हय, मावशी."

"मला कुनी सांगितलं न्हाई. आना बरं. हात लावू द्या."

लिंबाजीनं कडूबाईकडं पाहिलं. ती उठली, आतून कुऱ्हाड आणली आणि स्वतः म्हातारीच्या मांडीवर ठेवली. "घ्या, आत्याबाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात एक तेज होतं. "लेकाची हाय. रोज चालवतेत ते. मी सांगत नव्हते, पर आता सांगते. येतेत ते, आत्याबाई. रोज दुपारी येतेत."

लिंबाजी दोन पावलं मागं सरला. म्हातारी मात्र दचकली नाही. तिनं आधी पातं चाचपलं, तो उडालेला कपचा शोधला आणि मान हलवली. मग दांड्यावर हात सरकवला. मीही तेव्हाच नीट पाहिलं. धावड्याला झीज धरायला वर्षं लागतात. दोन-अडीच महिन्यांपूर्वी मी तासलेल्या त्या दांड्याला मुठीच्या जागी खळगे पडले होते. काळे, गुळगुळीत, म्हाताऱ्या लाकडासारखे. म्हातारीनं त्या खळग्यांत एकेक बोट ठेवलं. आंधळं माणूस चेहरा ओळखतं तसं ओळखायचा प्रयत्न करत होती. तिची बोटं पुढं पुढं सरकत गेली, आणि थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून.

"कडू," ती म्हणाली, "हा माझ्या यंकटीचा हात न्हाई."

तिनं पुन्हा अंगठ्याच्या खळग्यावर बोट ठेवलं.

"माझ्या लेकराचा आंगठा आखूड. मी त्याला धरून चालायला शिकवलं, मला ठाव न्हाई का? हा लय लांब हाय... लय लांब. कुनाचा हाय हा?"

मी पुढं होऊन दांडा घेतला. माझी मूठ त्या खळग्यांत बसवून पाहिली. माझा हात सुताराचा, चांगला मोठा. बोटं त्या खळग्यांच्या निम्म्यातही पोचत नव्हती.

कडूबाई भिंतीला टेकली. मग अगदी हळू, स्वतःलाच विचारावं तशी म्हणाली, "मग मी इतके दिस भाकर कुनाला घातली?"

त्या दिवसापासून ती बनात गेली नाही. तरीही दुपारी बनातून घाव ऐकू यायचे, आता ते सगळ्या गावानं ऐकले. तोडायचा तो तोडतच राहिला. कुऱ्हाड लिंबाजीच्या घरात आड्याला बांधून ठेवलेली, आणि बनात झाडं पडत होती. चौथ्या की पाचव्या दिवशी आवाज बनाच्या गावाकडच्या कडेला, पांदीच्या वाटेपर्यंत आला. त्या दिवशी कडूबाईनं स्वतः लिंबाजीला सांगितलं, "भावजी, पुतळा करा."

नदीकाठी पळसाची पानं मांडून माणसाचा आकार केला. दांडा चितेत घालायचा ठरलं, म्हणून पातं काढायला मला नेलं. दांडा दोन्ही पायांत धरून ओढला तरी जे पातं हललं नव्हतं, ते हातोडीच्या पहिल्याच ठोक्याला सुटून माझ्या पायाशी पडलं. नेढ्यातलं लाकूड कोरडं ठणठणीत होतं. धावडा जोमानं जळतो, तसाच तो जळला. जाळ लागला तशी कडूबाईनं आपल्या हातानं कुंकू पुसलं. लिंबाजी लहान पोरासारखा रडला. पातं आम्ही बारवेत टाकलं. पावसानं तिला पाणी आलं होतं, आवाज झाला तो खोल गेला.

दुसऱ्या दिवशी बनातून आवाज आला नाही. बायनाबाई त्याच आठवड्यात गेली, झोपेत, शांत. गावानं सुटकेचा श्वास सोडला. मलाही वाटलं, झालं. व्यंकटीला आम्ही त्याच्या वाटेला लावलं, आणि जे कुणी त्याच्या कुऱ्हाडीला धरून वर आलं होतं, ते परत खाली गेलं.

पोळा होऊन गेल्यावर कडूबाई माझ्याकडं आली. जात्याचा खुंटा मोडला होता. कपाळ मोकळं, पण चेहरा शांत. मी वाकस घेऊन खुंटा तासायला लागलो, ती पायरीवर बसली. दुपार टळायला आली होती. मला राहवलं नाही.

"वहिनी, एक इचारू? तुमी रोज तिथं बसायच्या. दिसायला कसा व्हता त्यो?"

"म्या बघितलंच न्हाई," ती म्हणाली. "मागून यायचा. माझ्या पाठीशी बसून जेवायचा. मला वाटायचं, इतक्या वर्सानं आलेत, लाजायलेत. बघितलं तर जातील. म्हनून कदी वळले न्हाई."

"मग त्यो यंकटीच, असं तुमाला कसं वाटलं?"

तिनं पायरीवरचा एक ढलपा उचलला.

"नावानं हाक मारायचा. हळूच, मागून. कडू म्हनून न्हाई." तिनं ढलपा खाली टाकला. "माझ्या आदीची भावंडं पाळन्यातच गेली, भावजी. मी झाले तवा बारशाला दुसरं नाव ठेवलं व्हतं. मग मीबी तापानं फनफनले. आजीनं सांगितलं, हिचं नाव मोडा, कडू म्हना. कडू म्हनलं की लेकरं नेनारा त्यो उचलत न्हाई. नाव लपवलं ते त्याला सापडू नये म्हनून. आईनं ते मरताना मला सांगितलं, कानात. माझ्या मालकालाबी म्या कदी सांगितलं न्हाई... पर त्या बनात ते नाव आयकलं आन् मला इतकं बरं वाटलं. वाटलं, मेल्यावर मानसाला समदं कळत असंल."

माझ्या हातातला वाकस थांबला. लाकडाचा ढलपा अर्धवट लोंबत राहिला.

तेवढ्यात रस्त्याच्या अंगानं, माझ्या कुंपणापलीकडून, कुणीतरी हाक मारली. पुरुषाचा आवाज. घाई नव्हती त्यात. खेळायला गेलेल्या पोरीला घरी बोलवावं, तसा. एका बाईचं नाव होतं. साधंच, दोन अक्षरांचं. आमच्या गावात त्या नावाची कुणी नव्हती.

कडूबाईची मान ताठ झाली. तिनं पदर दोन्ही कानांवर ओढून घेतला आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिली.

हाक पुन्हा आली. या वेळी कुंपणाच्या अलीकडून.

"भावजी," ती ओठ न हलवता म्हणाली, "तुमालाबी आयकू आलं?"

"आलं," मी म्हणालो.

"मग तुमीबी वळू नगा."